बाहेरचं

"मॅडमले बाहेरचं हाय म्हणते."

औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेतली एक बाई दुसरीला हळूच सांगत होती. मी आत बसून खोकल्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. आमच्या खिडकीला जाळी आहे आणि जाळीला हात जाईल एवढं भोक. जाळीपलीकडे ऐकू जात नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

"माय वो," दुसरी म्हणाली. "एवढी शिकलेली पोरगी!"

"शिकल्यानं का होते? पाय ना तिच्याकडे. डोरे कसे आत गेले."

डोरे म्हणजे डोळे, एवढं मला चार महिन्यांत समजायला लागलं होतं. 'बाहेरचं' या शब्दाचा अर्थ मात्र मी माझ्या मनानं लावला. बाहेरची, म्हणजे इथली नसलेली. 'चं' का आणि 'ची' का नाही, हा प्रश्न मला पडला नाही. व्याकरणात मी शाळेपासून कच्ची, आणि या भागात लोक वेगळं बोलतात, तसं हेही असेल. मी चिठ्ठ्या चिकटवत राहिले आणि मनात धुमसत राहिले. चार महिने यांना औषधं देते आहे. अजून बाहेरचीच?

मी चंद्रपूरची. कुरखेड्याच्या पुढे जंगलात एक गाव आहे, तिथं बस दिवसातून दोनदा येते. तिथल्या आरोग्य केंद्रात औषधं देण्याची ही माझी पहिली नोकरी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. घरी मराठीच होतं, पण घरी मी बोलायचेच कमी. त्यामुळे कुणी काही विचारलं की मी आधी डोक्यात वाक्य जुळवते. ते जुळेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. मग मी "चालेल" म्हणते. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी त्या एका शब्दानं ठरल्या आहेत.

खोली मिळाली तीही अशीच. गावातल्या तलावावर मासेमारी करणारं एक कुटुंब, त्यांच्या अंगणातली बाजूची खोली. घरात काका-काकू दोघंच, मुलगी लग्न होऊन आरमोरीला. पावसाळ्यात गावाच्या टोकाला वाघानं वासरू नेलं होतं. शहरातली एकटी पोरगी आपल्याकडे राहायला येते म्हटल्यावर काकांनी पहिल्याच आठवड्यात चिंचेच्या झाडावर एक फोकस बसवला. फोकस म्हणजे लग्नाच्या मांडवात लावतात तसला पांढराफटक मोठा दिवा. तो अंगणावर पडायचा आणि अंगणाइतकाच माझ्या खिडकीत. खिडकीला गज होते, दारं नव्हती. फोकसचं बटण काकूंच्या घरात, आतल्या खोलीत.

"तुमच्यासाठीच लावला, मॅडम," काका म्हणाले. "आता बिनधास्त झोपा."

"चालेल," मी म्हणाले.

थंडीत निभावलं. डोक्यावरून ब्लँकेट घेऊन मी झोपायचे, निदान तीन-चार तास तरी. फेब्रुवारीत ऊन वाढलं आणि ब्लँकेट डोक्यावर सहन होईना. ते मी खिडकीला बांधलं, तर खोलीत हवा राहिना. ओढणी बांधली, तर तिच्यातून दिवा जसाच्या तसा दिसायचा, फक्त निळा. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत लाल उजेड. पहाटे मोह वेचायला जाणाऱ्या बायकांची हाक ऐकू आली की मला कळायचं, ही रात्रही गेली.

तरीही मी काही बोलले नसते. बोलायची पाळी आणली ती एका म्हाताऱ्या बाबांनी. ते दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. त्या दिवशी मी त्यांच्या हातात पाकीट ठेवलं, कशी घ्यायची ते सांगितलं आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला. बाबा हलेनात.

"मॅडम, माही गोळी गुलाबी रायते," ते म्हणाले. "हे तं पांढरी हाय."

ती साखरेची गोळी होती. बाबांना साखरेचा आजार नाही. त्यांना वाचता येत नाही म्हणून ते रंग लक्षात ठेवतात, आणि रंग लक्षात ठेवला म्हणून वाचले. मी गोळी बदलून दिली. नवं पाकीट मी उलटसुलट करून इतक्यांदा पाहिलं की बाबाच म्हणाले, "जाऊ द्या, मॅडम. होते कधी कधी."

तसं होऊन चालणार नव्हतं. दुपारी रांग संपल्यावर मी डॉक्टर मॅडमना जाऊन सांगितलं. त्या माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठ्या. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

"किती दिवस झोप नाही?"

"महिना झाला असेल."

"गोळी नाही देणार," त्या म्हणाल्या. मी मागितली नव्हती, पण झोपेच्या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला असते, आणि माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली असावी. "तुझ्या वयात तिची सवय लावायची नाही. आधी झोपेचे नियम पाळून बघ. पंधरा दिवस. तरीही असंच राहिलं तर मी तुला रजेवर पाठवीन. रुग्णाला चुकीची गोळी गेली तर ते ना तुला झेपेल, ना मला."

रजा म्हणजे घर. घरी आई. "मी सांगत होते ना, तुला झेपायचं नाही," हे वाक्य तिनं पाच महिन्यांपासून तयार ठेवलेलं. ही नोकरी माझी पहिली स्वतःची गोष्ट होती. ती मला झोपेपायी घालवायची नव्हती.

डॉक्टर मॅडमनी एका केसपेपरच्या पाठीवर लिहून दिलं. सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. दिवसा आडवं व्हायचं नाही. दुपारनंतर चहा नाही. लवकर आणि हलकं जेवण, त्यानंतर थोडं चालणं. निजताना कोमट पाण्यात पाय. अंथरुणात फोन नाही. झोप येत नसेल तर तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित करून: खोलीत पूर्ण अंधार.

कागद घरी नेला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, कारण शेवटच्या ओळीसाठी बोलावं लागणार होतं.

फोनचा नियम सर्वांत सोपा निघाला. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. चहाचा मात्र त्रासच झाला. इथं कुणाच्या दारावरून गेलं की काळा चहा हातात येतो, आणि दुपारनंतर मी "नको" म्हणायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी काकूंनी बातमी आणली, "लोक म्हणून राह्यले, मॅडम आमच्या घरचा चहा पेत नाई. काऊन वो? का केलं आमी?" मग मी कप घ्यायचे आणि कुणाचं लक्ष नसताना तुळशीत ओतायचे. तुळस बिचारी जागी राहिली असेल.

जेवून चालायला निघाले तर काकू फाटकात आडव्या. "अंधार पडल्यावर कुठी जाता? वाघ वाट पाहून राह्यला का तुमची?" मग मी अंगणातच येरझारा घातल्या, त्या फोकसखाली. काका पायरीवर बसून माझ्याकडे पाहायचे, मान वळवत, डावीकडून उजवीकडे.

"झोप नाई ना लागत तुमाले?" एका संध्याकाळी ते म्हणाले. "थोडीशी मोहाची घेऊन पाहा. बाटलीचं टोपणभर."

"अवो, सरकारी बाई हाय थे!" आतून काकू ओरडल्या. "काई बी सांगता! तुमी घेता तं तुमाले कुठी लागते झोप? दुसऱ्याची घालवता."

मी हसले. हसताना वाटलं, आता सांगावं. वाक्यही तयार होतं: काका, बाहेरचा लाइट खूप डोळ्यांवर येतो. तेवढ्यात काकू बाहेर आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांगा, मॅडम. काऊन झोप येत नाई? का होते तुमाले?"

काका समोरच होते. शिडीवर चढून, हाताला ओरखडे काढून त्यांनी तो दिवा माझ्यासाठी लावला होता. 'लाइट' हा शब्द माझ्या तोंडातच विरला.

"ते... बाहेरचं," मी खिडकीकडे बोट दाखवलं. "बाहेरचं... त्रास देतं."

काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी विडी विझवली. मग काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भ्याचं नाई काई. मी पायतो."

मला इतकं हलकं वाटलं! समजलं त्यांना. अर्ध्या वाक्यात समजलं. माझ्या घरच्यांना पूर्ण वाक्यांत समजत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी कामावरून आले, तर फोकस वळवलेला होता. आधी तो अंगणावर पडून खिडकीत यायचा. आता सरळ खिडकीत. ओढणी सोडून घडी करून ठेवलेली.

"आता काई भेव नाई," काकू म्हणाल्या.

 हे काय झालं, ते मला कळेना. विचारायचं तर कसं? मीच म्हटलं होतं, त्रास होतो, आणि त्यांनी काहीतरी केलं होतं. मी "चालेल" म्हणाले.

त्या रात्रीपासून काकू माझ्या खोलीत चटई टाकून झोपायला लागल्या, दाराला लागून. काकू पडल्या की झोपतात आणि झोपल्या की घोरतात. पाणी आटलेल्या बोरिंगचा दांडा मारावा तसा आवाज, आधी कोरडा, मग एक मोठी खेच. मी भिंतीकडे तोंड करून डॉक्टर मॅडमनी सांगितलेला लांब श्वास घ्यायचे. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. काकूंची खेच नेमकी माझ्या पाचावर यायची.

बाकी सेवा मात्र राणीसारखी. निजायच्या आधी घमेल्यात कोमट पाणी, त्यात कडुलिंबाचा पाला. केसपेपरवर फक्त पाणी होतं. पाला काकूंनी स्वतःच घातलेला. तळपायांना मोहाच्या बियांचं तेल चोळायच्या, मग काशाची वाटी फिरवायच्या, इतकी जोरात की वाटी काळी पडायची. "पाहा कसं, सारं उतरून राह्यलं," त्या म्हणायच्या. मला वाटायचं, उष्णता. एकदा उशीखाली लिंबू सापडलं. वासानं झोप येत असेल म्हणून मी ते नाकाशी धरून झोपायचा प्रयत्न केला. टाकीपाशी जाऊन आईला फोनवर सांगितलंसुद्धा: इथं लोक किती नैसर्गिक उपाय करतात, पाल्याचं पाणी, तेल, लिंबू. आई म्हणाली, "जायफळ उगाळून दुधात घे आणि नाहीतर ये परत." दूध इथं बकरीचं, तेही पिल्लांना पाजून उरलं तर.

तेलानं खरंच बरं वाटायचं. तेवढं कबूल केलं पाहिजे. पाय हलके व्हायचे, मान सैल व्हायची, डोळे मिटायला लागायचे. मग काकू उठून काशाची वाटी बाजूला ठेवायच्या आणि त्या सरकल्या की फोकस पुन्हा तोंडावर.

दिवसा मी प्रत्येक पाकीट तीनदा वाचायला लागले. एकदा उचलताना, एकदा कापताना, एकदा हातात देताना, तेही मोठ्यानं. रांग दाराबाहेर जायला लागली. लोक कंटाळायचे, आणि काही जण माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहायचे. बायका मुलांना माझ्या खिडकीपासून जरा मागे ओढायच्या. मला वाटलं, मी चिडकी दिसत असेन.

आणि मग तो दिवस, रांगेतल्या त्या दोघींचा. पंधरापैकी चौदावा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम विचारणार होत्या, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्यात हे 'बाहेरची'. दुपारी सिस्टर डबा घेऊन माझ्याकडे आल्या. त्या याच भागातल्या, नोकरीत केस पांढरे झालेल्या. त्यांच्यासमोर माझा बांध फुटला, म्हणजे माझ्या मानानं फुटला.

"सिस्टर, लोक मला अजून बाहेरची का म्हणतात?"

"कोन म्हणते?"

"रांगेत म्हणत होत्या. मॅडमले बाहेरचं हाय."

सिस्टरचा घास हातात राहिला. "बाहेरची नाई वो. बाहेरचं. तुमीच सांगितलं ना तुमच्या काकूले? खिडकीकडे बोट दाखवून? मले वाटलं, तुमाले माहीत हाय. येत्या रविवारी पुजाऱ्याले बोलावलं हाय तुमच्यासाठी."

"कशासाठी?"

"बाहेरचं काढाले." माझ्या चेहऱ्यावरून काहीच कळलेलं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी डबा खाली ठेवला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "भूत. वारं. झाडावरचं काई लागलं, तं त्याचं नाव नाई घेत आपण. बाहेरचं म्हनते. तुमच्या खिडकीसमोर चिंच हाय ना? पूर्ण गावाले माहीत हाय. तोंडावर कोनी नाई बोलत, विचारलं तं वाढते म्हनून."

 सगळं एकेक करून उलट्या बाजूनं दिसायला लागलं. कडुलिंबाचा पाला. लिंबू, जे मी नाकाशी धरलं होतं. काळी पडलेली वाटी. मागे ओढलेली मुलं. दाराला लागलेली काकूंची चटई. भूत येऊ नये म्हणून थेट माझ्या डोळ्यांवर वळवलेला दिवा. माझ्या अर्ध्या वाक्यानं एवढं केलं होतं. उरलेला एक शब्द, लाइट, मी गिळला नसता तर यातलं काही झालं नसतं.

"हसता का रडता?" सिस्टरनी विचारलं.

दोन्ही नव्हतं. राग येत होता, आणि तो काकूंवर काढता येत नव्हता. त्या बाईला भुताची भीती वाटते. मला नंतर कळलं, त्या अंधारात चिंचेखालून जातसुद्धा नाहीत. तरी माझ्या दारात, माझ्या आणि भुताच्या मधे, त्या रोज चटई टाकून झोपत होत्या. इतक्या गाढ कशा झोपत होत्या, हा वेगळा प्रश्न. खरा राग होता तो माझ्याच तोंडावर, जे वेळेवर उघडत नाही.

संध्याकाळी घरी आले. अंगणात मोह वाळत घातलेला, त्याचा गोड, जड वास. शेजारच्या दोघी काकूंबरोबर मोहातला कचरा वेचत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचं बोलणं थांबलं. चिंचेला शिडी लावलेली आणि शिडीवर काका. त्यांच्या खांद्याला वायरचं भेंडोळं, आणि हातात दुसरा फोकस, नवा, खोक्यातून नुकताच काढलेला.

"या, मॅडम," काका वरून म्हणाले. "आरमोरीच्या बाजारातून आणला. डब्बल पावरचा हाय. आता येते का तं पाहू!"

"हळू बोला ना वो," काकू पुटपुटल्या.

मी फाटकातच उभी राहिले. डोक्यात वाक्य जुळवायला सुरुवात झाली, सवयीनं. शुद्ध, सभ्य, कुणाला लागणार नाही असं. काकांनी पहिला खिळा दातांतून काढून हातोडी उचलली. हे वाक्य जुळेपर्यंत दुसरा दिवा लागणार होता, आणि उद्या सकाळी डॉक्टर मॅडमसमोर मी लाल डोळ्यांनी उभी असणार होते.

"मॅडम, चालते ना असा?" काकांनी फोकस खिडकीकडे धरून विचारलं.

चौघंही माझ्याकडे पाहत होते. मी पिशवी खाली ठेवली.

"नाई चालत, काका!" मी म्हणाले, इतक्या मोठ्यानं की शेजारणीच्या हातातला मोह सांडला. "मले बाहेरचं काई नाई लागलं. बाहेरचा लाइट लागते मले, डोळ्यात! तो खाली काढा, हा पण बंद करा, मग मी झोपते. आणि काकू, तुम्ही आजपासून आपल्या घरात झोपा. तुम्ही लय घोरता."